किल्लीचा रंग

ही पोस्ट मागच्या दिवाळीतच टाकायची होती. दोनदा लिहिली, दोनदा डिलीट केली. कारण यात एका जवळच्या मित्राचं घर आहे आणि चूक माझीपण आहे. मित्राचं नाव लिहिणार नाही. गाडीचं मॉडेलसुद्धा नाही, कारण पुण्यात अशा गाड्या बोटावर मोजण्याएवढ्या. मॉडेल लिहिलं की माणूस कळलाच. कमेंटमध्ये अंदाज बांधत बसू नका, सरळ डिलीट करीन.

तर, आम्ही दोघं सासवडचे. एका बाकावर बसायचो. त्याच्या वडिलांचं गॅरेज होतं, लुना आणि राजदूतवाल्यांची गर्दी असायची. शाळा सुटली की हा तिथं पान्हे पुसत बसायचा. रद्दीतून आलेल्या इंग्रजी मासिकांतली गाड्यांची चित्रं कापून त्यानं कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवली होती. गणिताच्या पेपरलापण पेटी उघडली की लाल फेरारी. पुढं मी रानडेत पत्रकारितेचा डिप्लोमा केला आणि गावाकडच्या साप्ताहिकात चिकटलो. तो प्लॉटिंगमध्ये गेला. नशीब म्हणा, डोकं म्हणा, पैसा झाला. बाणेरला घर झालं, ऑफिस झालं. पण भेटला की दहा मिनिटांत विषय गाडीवर.

हे आधी सांगतोय, कारण ‘पैसा आला, माज आला’ एवढं सोपं नाहीये ते. त्याचं गाडीवर खरंच प्रेम आहे. मार्च 2017 ला टाटा मोटर्सनं जिनिव्हाच्या प्रदर्शनात ‘रेसमो’ दाखवली होती, आठवतंय का कुणाला? दोन सीटची, इंजिन मध्यभागी, 1.2 लिटर टर्बो, 190 पीएस. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ह्याचा फोन. “अरे, तू पत्रकार ना? विचार ना पिंपरीत, बुकिंग कधी चालू होणार. आपल्या पुण्याची स्पोर्ट्स कार. पहिली मी घेणार.” ती गाडी बाजारात आलीच नाही. हा माणूस आठवडाभर घरातलं कोणी गेल्यासारखा होता.

तसं पुण्याला हे वेड नवीन नाही. सायरस पूनावाला विशीत असताना त्यांनी एका शाळेतल्या मित्राला घेऊन जॅग्वार डी-टाइपच्या धर्तीवर स्पोर्ट्स कारचा नमुना तयार केला होता. मग हिशेब मांडला. अशा गाड्या विकायला काढायच्या तर भांडवल अफाट लागणार. मूठभर श्रीमंतांसाठीची वस्तू सोडून सगळ्यांना लागणाऱ्या वस्तूकडे वळायचं ठरलं. 1966 ला सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडात त्याचा पुरावा आहे. आज त्याच घराण्याच्या गॅरेजमध्ये फेरारी आहेत, आणि त्यात काही वाईट नाही. पण आधी हिशेब झाला होता, हे लक्षात राहू द्या.

2023 च्या पावसाळ्यात मित्राचा फोन आला. “मला अलोकेशन मिळालंय. रविवारी ये. स्पेक करायचंय. इंग्रजी वाचायला तू पाहिजेस.”

अलोकेशन म्हणजे काय, हे मलाही तेव्हाच कळलं. लिमिटेड गाडी आपण शोरूममध्ये जाऊन पैसे टाकून उचलत नाही. कंपनी आधीच आकडा ठरवते. म्हणजे त्याच वर्षी पोर्शेनं 911 एसटी जाहीर केली, जगभरात मिळून 1,963 गाड्या. का, तर पहिली 911 ही 1963 ला दाखवली गेली होती. 525 पीएस, सहा गिअर, तेही हातानं टाकायचे, वजन 1,380 किलो, ताशी 300 किलोमीटरपर्यंत जाणारी. त्या 1,963 मधल्या कोणत्या देशाला किती, हे कंपनी बघणार. मग त्या देशात कोणाला, हे डीलर बघणार. पूर्वी किती गाड्या घेतल्या, लगेच विकून तर टाकत नाही ना, माणूस कोण. थोडक्यात, तुम्ही गाडी निवडायच्या आधी गाडी तुम्हाला निवडते. मित्राचीही गाडी अशीच मोजून काढलेली, डॅशबोर्डवर नंबरची पट्टी असलेली. निवड झाल्याचा ईमेल त्यानं मला तीनदा वाचून दाखवला. दहावीचा निकाल त्यानं एवढ्या वेळा वाचला नव्हता.

रविवारी त्याच्या ऑफिसात बसलो. डीलरचा एक पोरगा लॅपटॉप घेऊन आला होता, भिंतीवरच्या टीव्हीला जोडला. मी, मित्र, वहिनी आणि त्यांचा मुलगा. मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा. चार वाजता बसलेलो, उठलो तेव्हा साडेसात झाले होते.

रंगावरच एक तास गेला. यादीतले रंग वेगळे, आणि जादा पैसे भरून मागवायचे रंग वेगळे. मग चाकं. मग ब्रेक, साधे की कार्बन सिरॅमिकचे. मग सीट, कडक बकेट सीट की आरामाची. शिलाईचा दोरा कुठल्या रंगाचा. त्या दोऱ्याचे पैसे ऐकून मी मनात माझ्या पगाराशी भागाकार केला, दोन महिने आले. सीटबेल्टचा रंग मुलानं निवडला, पिवळा. पुढचा भाग बटण दाबून उचलायची सोय घ्यायची का, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. पुण्याचे स्पीडब्रेकर बघता तीच एक वस्तू खरी गरजेची होती.

शेवटी एक पर्याय आला, गाडीच्या रंगाची किल्ली. म्हणजे गाडीला जो रंग, तोच किल्लीला. मित्र लगेच म्हणाला, “टाक.”

वहिनी तीन तासांत दोनदाच बोलल्या. एकदा म्हणाल्या, “मागं सीटच नाही? मग आम्ही बसायचं कुठं?” आम्ही हसलो. दुसऱ्यांदा म्हणाल्या, “पण ही चालवणार कोण? तुम्ही तर सारखे साइटवर.” मुलगा म्हणाला, “मी आहे ना.” तेव्हाही आम्ही हसलो. सगळ्यात मोठ्यानं मी.

आता जरा पैशांचं. परदेशातून तयार येणारी, 40 हजार डॉलरच्या वरची गाडी, तर त्या वेळी आयात शुल्कच 100 टक्के. त्यावर जीएसटी, त्यावर सेस. म्हणून तिकडची दीड-दोन कोटींची वस्तू इथं चारच्या घरात जाते. हे वाचून वाटतं, सरकार श्रीमंतांना बरोबर पकडतं. पण पुढं आरटीओला या. महाराष्ट्रात आयात गाडीला एकरकमी कर 20 टक्के. चार कोटींवर किती झाले? 80 लाख. पण कराला कमाल मर्यादा होती 20 लाखांची. म्हणजे प्रत्यक्षात 5 टक्के. मी माझी स्कूटर घेतली तेव्हा मला 10 टक्क्यांच्या वर कर बसला, कारण माझ्या स्कूटरला कुठली मर्यादा लागू होत नाही. 2025 च्या राज्याच्या बजेटमध्ये ही मर्यादा 30 लाख केली. तरी साडेसात टक्केच. आणि गाडी इलेक्ट्रिक असेल तर तेवढेसुद्धा नाहीत. त्याच बजेटमध्ये 30 लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना 6 टक्के कर लावायचं म्हणाले होते, महिना संपायच्या आत मागं घेतलं. असो. तो राग वेगळ्या पोस्टमध्ये काढीन.

जानेवारी 2024 ला गाडी आली. हार, नारळ, लिंबू, पेढे. मी बातमी केली. हेडिंग होतं, ‘तालुक्याच्या सुपुत्राची भरारी’. तीन कॉलम. आणि खरं सांगायचं तर त्याच अंकात त्याच्या फर्मची अर्धं पान जाहिरात होती. लहान साप्ताहिक कसं चालतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. फोटो मीच निवडला. मित्र गाडीला टेकून उभा, आणि ड्रायव्हरच्या सीटवर मुलगा, दोन्ही हात स्टिअरिंगवर, पिवळा बेल्ट लावलेला. फोटो छान होता. खाली नाव टाकताना वयसुद्धा टाकलं मी. वय 16.

मार्चमध्ये त्यांच्याकडे जेवायला गेलो तर मुलानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. रविवारी पहाटेचा, रस्ता मोकळा. बाप शेजारी बसून शूट करतोय, पोरगा चालवतोय. कॅमेरा मीटरवर गेला तेव्हा आकडा मी वाचला. तो इथं लिहीत नाही. पोरगा माझ्याकडे बघत होता, काका काय म्हणतात म्हणून.

मी म्हणालो, “भारी रे.”

सव्वा वीस वर्षं पत्रकारितेत काढली. अपघाताच्या बातम्या किती लिहिल्या मोजदाद नाही. दिवे घाटातल्या, हडपसरच्या, कात्रजच्या. आणि मी म्हणालो भारी रे.

19 मे 2024, रविवार. पहाटे अडीचच्या सुमारास कल्याणीनगर. पोर्शे टायकननं मोटारसायकलला उडवलं. मध्य प्रदेशातून नोकरीला आलेले दोन इंजिनिअर, एक मुलगा आणि एक मुलगी, दोघंही 24 वर्षांचे, जागेवर गेले. चालवणारा 17 चा. पुढचं तुम्ही सगळ्यांनी वाचलंय. 300 शब्दांचा निबंध, त्याच दिवशी जामीन, ससूनमधली रक्ताच्या नमुन्यांची अदलाबदल, डॉक्टरांना अटक. जुलै 2025 ला त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवायची पोलिसांची मागणीही बाल न्याय मंडळानं फेटाळली.

पण माझ्या डोक्यात एक आकडा अडकून बसलाय. 1,758 रुपये. ती गाडी बंगळुरूच्या डीलरकडून तात्पुरत्या नोंदणीवर इकडे आली होती. पुणे आरटीओत तपासणीलाही गेली. कायमची नोंदणी राहिली, कारण 1,758 रुपये फी भरली नव्हती. इलेक्ट्रिक म्हणून कर माफच होता. कर्जाचा बोजा चढवायचे 1,500, स्मार्ट कार्डचे 200, टपालाचे 58. एवढंच बाकी. तात्पुरत्या नोंदणीवरची गाडी फक्त आरटीओत न्यायची आणि परत आणायची असते, हे तेव्हा परिवहन आयुक्तांनीच सांगितलं. ती मार्चपासून बिनधास्त फिरत होती.

कायद्यात ही फट कशी राहते बघा. डीलर महाराष्ट्रातला असेल तर नोंदणीचा अर्ज त्यानंच करायचा आणि नंबर लागल्याशिवाय गाडी ताब्यात द्यायची नाही. तुमची-आमची दुचाकी म्हणूनच नंबरप्लेट लावून मिळते. गाडी दुसऱ्या राज्यातून घेतली की तात्पुरत्या नोंदणीवर हातात पडते, आणि पुढं आरटीओत जायचं की नाही हे मालकाच्या मनावर. अशा महागड्या गाड्यांचे डीलर किती शहरांत असतात? म्हणजे ही फट बरोबर कोणासाठी आहे ते समजून घ्या. गंमत म्हणजे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यासारख्या शहरांत चारचाकीच्या 0001 नंबरचं शुल्क 4 लाखांवरून 6 लाख झालं. त्याला गिऱ्हाईक आहे.

त्या सोमवारी मी ऑफिसात आमचा जानेवारीचा अंक काढला. फोटो बघितला. वय 16. मग मित्राला फोन लावला.

“बघितलंस का कल्याणीनगरचं?”

“बघितलं. वाईट झालं. त्या पोरानं घेतली होती म्हणे. आपलं पोरगं असलं काही करत नाही.”

“लायसन्स आहे का त्याच्याकडे?”

“अरे, मी शेजारी असतो ना. रस्ता मोकळा असतो.”

“लायसन्स आहे का?”

तो गप्प. मी सांगितलं, मोटार वाहन कायद्यात 2019 ला कलम 199-अ आलंय. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर दोषी बाप किंवा मालक. तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. हे मी बातमी वाचून दाखवतात तसं वाचून दाखवलं, ती माझी दुसरी चूक. त्याला वाटलं, मी धमकी देतोय.

“तू मला कायदा शिकवू नको,” तो म्हणाला. “फोटो कुणी छापला? स्टिअरिंगवर बसवून? तेव्हा कुठं गेलं होतं तुझं कलम? व्हिडिओ बघून भारी रे कोण म्हणालं?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

त्यानं फोन ठेवला. जाहिरात बंद झाली, ते ठीक. त्याच्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका आली नाही, ते जास्त लागलं. पस्तीस वर्षांची दोस्ती. दिवाळीला फॉरवर्ड केलेलं शुभेच्छांचं चित्र तेवढं आलं. मी ह्या फोटोबद्दल साप्ताहिकात खुलासा छापू म्हणून मालकांना सांगितलं. ते म्हणाले, झालं गेलं, कुणाच्या लक्षात आहे. म्हणून इथं लिहितोय. तो फोटो छापायला नको होता. चूक माझी.

मी बराच विचार केला, की त्या रविवारी साडेतीन तास आम्ही नेमकं काय केलं. दोऱ्याचा रंग ठरवला. सीटबेल्टचा रंग ठरवला, बेल्ट कोण लावणार ते नाही ठरवलं. ब्रेक कुठले ते ठरवलं, दाबणार कोण ते नाही. एवढी ताकदीची गाडी कुठं चालवायची? पुण्यात शर्यतीचा ट्रॅक नाही. चांगले ट्रॅक लांब, कोईमतूर नाहीतर चेन्नईसारख्या ठिकाणी. म्हणजे ती चालणार कुठं, तर पहाटेच्या आपल्याच रस्त्यावर, जिथं दूधवाला असतो, नाइट शिफ्ट संपवून घरी निघालेलं पोर असतं. हे त्या टीव्हीवरच्या यादीत कुठंच नव्हतं. तो डीलरचा पोरगा तरी काय करणार, त्याला यादीत आहे तेच विचारायचं होतं. विचारायचं काम माझं होतं. तेवढ्यासाठीच डिप्लोमा केला होता की मी. विचारलं फक्त वहिनींनी, आणि आम्ही हसलो.

काहीजण म्हणतील, श्रीमंतांच्या गाड्यांवर जळतोय. नाही. ज्यानं कंपासपेटीत फेरारी चिकटवली त्याला चाळिशीत ती मिळाली तर मला आनंदच आहे. त्याच्या शेजारी बसून मी एकदा बाणेरहून पाषाणपर्यंत गेलोय, तो आवाज अजून कानात आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते आरटीओ, आमदार, नगरसेवक ज्यांच्यापर्यंत पोचेल त्यांनी ऐकावं. बाहेरच्या राज्यातून आलेल्या गाडीला तात्पुरत्या नोंदणीची मुदत चालू असताना एक तरी फोन जाऊ द्या, की बाबा, नोंदणी का राहिली. एका कारकुनाचं दहा मिनिटांचं काम आहे. आणि 199-अ खाली पुण्यात किती पालकांवर गुन्हे झाले, किती सिद्ध झाले, ते दर सहा महिन्यांनी जाहीर करा. फक्त पोर्शेवाले नाही, शाळेबाहेर ट्रिपल सीट अ‍ॅक्टिव्हावाले आपणसुद्धा त्यात येऊ. येऊ द्या.

आता शेवटचं, म्हणजे ज्यामुळं ही पोस्ट डिलीट न करता टाकतोय ते.

मागच्या महिन्यात वहिनींचा फोन आला. दीड वर्षानंतर. म्हणाल्या, “भाऊजी, दिवाळीला या. ह्यांनी सांगितलंय असं समजा.” मी म्हणालो, त्यानं सांगितलंय का खरंच? त्या म्हणाल्या, “नाही. पण नाही म्हणाले नाहीत.”

मग मी घाबरत विचारलं, गाडी कशी आहे. म्हणाल्या, “आहे की खाली. महिन्यातून दोनदा हे एकटे जातात. किल्ली माझ्याकडं असते.”

“तुमच्याकडं?”

“मे महिन्यातच घेतली काढून. त्या दिवशी टीव्हीवर त्या मुलीच्या आईला दाखवलं ना, तेव्हा. माझ्या मंगळसूत्राच्या डब्यात ठेवते. पोरगं रुसलं, हेपण रुसले. दोन दिवस कुणी जेवलं नाही नीट. मग जेवले.” आणि हसून म्हणाल्या, “रंग मात्र छान आहे हो किल्लीचा. दागिन्यात शोभते.”

पोरगा येत्या फेब्रुवारीत अठराचा होतोय. सध्या वडिलांच्या ड्रायव्हरच्या जुन्या वॅगन-आरमध्ये, सोसायटीच्या आवारात, पहिल्या गिअरवर शिकतोय म्हणे. दोनदा कुंडी फोडली.

दिवाळीला जाणार आहे. त्याच्याशी काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही. पोराला मात्र सांगायचंय, की त्या व्हिडिओला काका भारी म्हणाला होता, ते चुकीचं होतं.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण नाव विचारू नका.